एका दिवसाचं अहमदाबाद: पहाटेच्या विमानाने जाऊन रात्री घरी

पहाटपक्षी:

स्वस्त तिकीट दिसलं की आपण आधी ते काढून मोकळे होतो आणि त्या गावात काय बघायचं ते नंतर शोधतो. एका दिवसात विमानाने जाऊन यायचं असेल तर हा क्रम उलटा करायला हवा, हे सांगण्यासाठी हा धागा. अशा प्रवासात तिकिटाच्या किमतीपेक्षा मोठा प्रश्न असतो तो विमानतळापासून गाव किती लांब आणि गावात बघायचं ते एकमेकांच्या जवळ आहे का, हा. बंगळुरूचं तिकीट कितीही स्वस्त मिळो, देवनहळ्ळीहून शहरात शिरायचं आणि संध्याकाळी तेवढंच अंतर परत कापायचं यात दिवसाचा गाभाच जातो. हैदराबादचं शमशाबादही तसंच. राजकोटचा विमानतळ पूर्वी गावातच होता, २०२३ मध्ये तो हिरासरला गेला, म्हणजे राजकोटही या यादीतून बाद.

अहमदाबादचं तसं नाही. विमानतळ हांसोलला, जुन्या शहरापासून नऊ-दहा किलोमीटरवर. साबरमती आश्रम त्याहूनही जवळ. सकाळी सव्वासात-साडेसातला उतरलात आणि हातात एकच पिशवी असेल, तर आठच्या सुमारास तुम्ही कालुपूरला असता. मुंबईहून हवेतला वेळ तासाभराचाही नाही.

मी आईला घेऊन गेले होते. आई मूळची वर्ध्याची. पवनारला लहानपणी जाऊन आलेली, त्यामुळे विनोबा तिच्या बोलण्यात घरच्या माणसासारखे येतात. विनोबा १९१६ मध्ये गांधीजींकडे आले ते अहमदाबादलाच, कोचरबच्या आश्रमात. साबरमतीला त्यांची कुटी अजून आहे. पुढे मीराबेन तिथे राहिल्या म्हणून तिला दोघांचंही नाव आहे. आईला ती कुटी बघायची होती. बाकी दिवस माझा.

महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालू आहे. सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि पोळांमधून फिरत जामा मशिदीपाशी संपतो. विमान वेळेवर उतरलं तर तो गाठता येतो, अर्धा तास उशीर झाला तर नाही. नाही गाठला तरी हिरमुसू नका, तोच रस्ता आपला आपण चालता येतो. मंदिर १८२२ चं, स्वामिनारायण संप्रदायाचं पहिलं. सागवानी खांबांवरचं रंगीत कोरीवकाम बघत सकाळच्या आरतीच्या गर्दीत उभं राहायचं आणि मग पोळात शिरायचं.

पोळ म्हणजे एका दरवाज्याच्या आतली वस्ती. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली तर आपण ओट्याला चिकटायचं. चौकात उंच खांबावर चबुतरा, पाखरांना दाणे टाकायला. एका जुन्या घरातल्या काकूंनी आम्हाला आत बोलावलं आणि मधल्या चौकातलं फरशीतलं एक झाकण उचलून दाखवलं. खाली टांकं होतं, गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवण्याचं. वरून नुसता काळोख दिसत होता. काकूंनी भिंतीवरचा हातआरसा काढला, चौकात उतरलेलं ऊन त्यात पकडलं आणि खाली सोडलं. तेव्हा पाणी दिसलं, आणि त्याखालचा चुन्याने गिलावा केलेला तळसुद्धा. आई कितीतरी वेळ वाकून बघत होती. वर्ध्याच्या उन्हाळ्यात वाढलेल्या बाईला त्या झाकणाखालच्या पाण्याचं मोल कुणी समजावायला लागत नाही.

तिथून जामा मशीद (१४२४ ची, २६० खांबांची), राणीचा हजिरा म्हणजे राण्यांच्या कबरी, तीन दरवाजा. हे सगळं चालत. दुपारी थाळी जेवून आश्रम. गांधीजी १९१७ मध्ये इथे राहायला आले आणि १२ मार्च १९३० ला इथूनच दांडीला निघाले. प्रवेशाला पैसे नाहीत. परिसरात पुनर्विकासाचं मोठं काम चालू आहे, त्यामुळे कोणता भाग खुला आहे ते निघण्याआधी बघून घ्या. हृदयकुंज म्हणजे गांधीजींचं राहतं घर, कुटी आणि चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं संग्रहालय यांना दोन तास ठेवा, घाई करू नका. परतताना सिदी सय्यद मशिदीतली दगडी जाळी. ती पश्चिमेच्या भिंतीत आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर उजेड तिच्यातून येतो तेव्हा त्या दगडाच्या झाडाची पानं खरी उठून दिसतात. नऊच्या विमानाने निघालो, मध्यरात्रीच्या आत ठाण्याला घरी.

अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर), सरखेज, रिव्हरफ्रंट, सगळं सोडलं. सोडायलाच हवं. एका दिवसात शहराचा एक तुकडा नीट बघावा, हे माझं ठाम मत आहे.

खर्चाचं: शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार संध्याकाळ टाळली, शनिवारी जाऊन शनिवारीच आलो, म्हणून दोघींचं जाण्यायेण्याचं भाडं अकरा हजारांच्या आत बसलं. पहाटेची ठाण्याहून टॅक्सी आणि रात्रीची परतीची धरून हिशोब करा. लोक तिकीट तेवढं मोजतात आणि टॅक्सी विसरतात.

गुजरात_मेलवाला:

वर्णन वाचून पोळात जाऊन आल्यासारखं वाटलं. पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. मुंबई-अहमदाबादला विमान कशाला? रात्रीची गुजरात मेल धरा, पहाटे अहमदाबाद. दिवसभर फिरा, रात्री पुन्हा मेल, सकाळी मुंबई. कालुपूर स्टेशनातून बाहेर पडलं की स्वामिनारायण मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, दहा किलोमीटर रिक्षा नाही. थर्ड एसीचं दोन्हीकडचं भाडं तुमच्या पहाटेच्या टॅक्सीच्या आसपास येईल. आणि तास मोजाल तर रेल्वेवाल्याला शहरात जास्त मिळतात.

पर्यावरणाचंही लिहितो, कारण ते मला मनापासून लागतं. विमानाला सगळ्यात जास्त इंधन लागतं ते उड्डाण आणि चढाईला. पाऊण तासाच्या प्रवासात तोच भाग मोठा असतो, त्यामुळे किलोमीटरमागे धूर जवळच्या प्रवासातच जास्त. फ्रान्सने २०२३ पासून, रेल्वेने अडीच तासांच्या आत पोचता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं कायद्यानेच बंद केली. आपल्याकडे तशी रेल्वे अजून नाही हे मान्य, पण मौजेसाठी एका दिवसात दोन उड्डाणं ही सवय लागू नये असं वाटतं.

पहाटपक्षी:

काका, मेलचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. एकटी असते तर मेलनेच गेले असते. आई अडुसष्ट वर्षांची आहे, लागोपाठ दोन रात्री बर्थवर काढून मधला दिवस उन्हात चालणं तिला झेपलं नसतं. दिवसाच्या गाड्या या कामाला उपयोगाच्या नाहीत. सकाळी सहाला सुटणारी वंदे भारत साडेअकराच्या सुमारास पोचते आणि परतीची दुपारी तीनच्या आसपास निघते, म्हणजे शहर बघायला साडेतीन तास.

धुराबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुमचं म्हणणं उडवून लावण्याइतकी मी बेफिकीर नाही. जिथे रात्रीची सोयीची गाडी आहे तिथे धडधाकट माणसाने गाडीनेच जावं, हे धाग्यात यायलाच हवं होतं. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

मणिनगरची_माई:

मी लग्न होऊन अहमदाबादला आले ती इथलीच झाले. पहाटपक्षी, पोळ निवडलीत ते फार आवडलं. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा म्हटलं, भारतात तो मान मिळालेलं हे पहिलं शहर. पण पाहुणे येतात आणि रिव्हरफ्रंटवर फोटो काढून परत जातात, याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या माणसांसाठी थोडी भर. १७५३ मध्ये रघुनाथराव पेशवे आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतलं. मध्ये काही काळ ते हातचं गेलं, १७५८ मध्ये परत आलं, आणि १८१७ पर्यंत इथे पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल होता. भद्रच्या किल्ल्यात भद्रकालीचं मंदिर आहे, ते मराठी अमलातलं. तीन दरवाज्यापासून चालत पाच मिनिटं. रायखडला गायकवाड हवेली. इतक्या मराठी पाहुण्यांना मी शहर दाखवलं, पण हे आधीपासून माहीत असलेलं क्वचितच कुणी भेटलं. दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, वकिली करत होते ती याच शहरात आणि इथल्या नगरपालिकेचे अध्यक्षही होते.

आश्रमातही विनोबांइतकेच आपले दोघे आहेत. काकासाहेब कालेलकर मूळ साताऱ्याचे, गुजराती इतकं सुंदर लिहायचे की गांधीजी त्यांना सवाई गुजराती म्हणायचे. आणि पंडित नारायण मोरेश्वर खरे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आश्रमाच्या प्रार्थनेचं संगीत त्यांनी बसवलं, आश्रम भजनावली त्यांच्या हातची, आणि दांडीला जे चालत गेले त्यांत तेही होते. नदीकाठच्या प्रार्थनाभूमीवर उभं राहाल तेव्हा त्यांची आठवण काढा.

वेळेचं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल ते जून येऊ नका, कृपा करून. दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश असताना पोळात फिरणं म्हाताऱ्या माणसाला धोक्याचं. उत्तरायणाच्या दिवसांत, म्हणजे १४ जानेवारीच्या आसपास, पतंग बघायला या, पण तेव्हा विमानं महाग आणि जुन्या शहरातल्या गच्च्यांसाठीही पैसे मोजावे लागतात. शुक्रवारी दुपारी जामा मशिदीत नमाजाची गर्दी असते, ती वेळ सोडा. रविवारी आलात तर एलिस ब्रिजखालचा गुजरी बाजार बघता येईल, जुनी भांडी, दारं, पुस्तकं, काय वाट्टेल ते.

माणेकचौकचं मात्र खरं सांगते. लोक त्याच्यासाठी येतात, पण दिवसा तिथे सराफा असतो. खाण्याच्या गाड्या रात्री दुकानं बंद झाल्यावर लागतात. नऊचं विमान धरणाऱ्याला तो मिळत नाही. त्याऐवजी सकाळी गांधी रोडला फाफडा-जिलेबी खा, सोबत पपईचा संभारो आणि तळलेली मिरची.

लोहगावकर:

धागा एकदम उपयोगाचा. आम्ही तिघं मित्र पुण्याहून असाच बेत करतोय. पुण्याहून तर रेल्वेला आणखी वेळ लागतो, त्यामुळे विमानाचाच विचार आहे. दोन शंका. एक, जाणं-येणं एकाच तिकिटावर काढावं की वेगवेगळं? दोन, संध्याकाळचं विमान रखडलं तर काय? मागे एकदा गोव्याहून येताना रात्रीचं विमान चार तास उशिरा सुटलं, काउंटरवरचा माणूस नुसता "थांबा" म्हणत होता. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असेल तर असा उशीर फार महागात पडतो.

तिकीटखिडकी:

माझं कामच तिकिटांचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वस्त कंपन्यांचं दोन्हीकडचं भाडं बहुतेक वेळा दोन एकेरी भाड्यांची बेरीजच असते, त्यामुळे एकत्र काढून फार वाचत नाही. वेगवेगळं काढलंत तर सकाळी एक कंपनी आणि रात्री दुसरी, अशी सोयीची वेळ जुळवता येते. शिवाय काही भाड्यांत एकाच तिकिटावरचं जाण्याचं विमान चुकलं तर परतीची जागाही रद्द होते, ती भीती राहत नाही.

उशिराबद्दल डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम आहेत आणि ते काउंटरवर नाव घेऊन सांगावेत. इतक्या छोट्या प्रवासाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यायचं ही कंपनीची जबाबदारी. सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक तुम्ही निवडायचं. आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं: रात्री आठ ते पहाटे तीन या वेळात सुटणारं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर राहण्याची सोयही कंपनीने करायची असते. विमान न कळवता रद्द केलं आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर एक ते दोन तासांच्या प्रवासाला साडेसात हजार रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती रक्कम भरपाई म्हणून मिळते. लोहगावकर, तुमचे चार तास म्हणजे खाणं मिळायला हवं होतं, खोली नाही.

तिकीट "नॉन रिफंडेबल" असलं तरी विमानतळाचं शुल्क आणि कर परत मागता येतात. स्वस्त तिकिटात हाच भाग मोठा असतो. बेत बदलला म्हणून तिकीट तसंच सोडून देऊ नका, रद्द करा आणि मागा.

वेब चेक-इन घरूनच करा. फक्त खिडकी किंवा पुढची रांग घ्यायला पैसे मागतात, तो पर्याय सोडून पुढे गेलं की जी मिळेल ती जागा फुकट. सामान सात किलोपर्यंत हातातच ठेवा. बॅग टाकलीत की सकाळची वीस मिनिटं पट्ट्यापाशी गेली. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत सोडणारं ॲप, घेतलं असेल तर पहाटेची रांग बरीच वाचते, मुंबई, पुणे, अहमदाबाद तिन्हीकडे चालतं.

मुंबईकरांनी एक नीट बघावं. आता शोधताना सहार, सांताक्रूझ आणि नवी मुंबई हे सगळं एकाच "मुंबई"खाली येतं. जाताना टर्मिनल दोनवरून आणि परत नवी मुंबईत, असं तिकीट हजार रुपये स्वस्त दिसेल. गाडी सहारला लावली असेल आणि तुम्ही रात्री साडेदहाला उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावर, उतरलात तर ते हजार कुठल्या कुठे जातील. तिकिटावरचं विमानतळाचं पूर्ण नाव वाचा.

गुजरात_मेलवाला:

तिकीटखिडकी, ही माहिती फार चांगली. मी विमानाच्या विरोधात असलो तरी माणसांना आपला हक्क माहीत असावा. अहमदाबादहून परतताना लोक छुंदो आणि लोणच्याच्या बरण्या घेतात, त्याचंही सांगा. माझ्या भाच्याकडून सुरक्षा तपासणीत बरणी काढून घेतली होती.

तिकीटखिडकी:

हो, तेलातलं लोणचं हातातल्या सामानात अडकतं. खाखरा, सुकी मिठाई, मुखवास खुशाल न्या. लोणचं हवंच असेल तर माणसांनी तुमच्या मेलने जावं!

सराफ्याची_वाट:

मी इंदूरचा, इथल्या मराठी वस्तीतला. पहाटपक्षींची कसोटी लावली तर इंदूर पूर्ण गुणांनी पास होतं. विमानतळ गावाच्या कडेला, राजवाडा आठ-नऊ किलोमीटर. राजवाडा, छत्र्या (समाध्या), लालबाग महाल, सगळं होळकरांचं आणि जवळजवळ. पण अडचण अहमदाबादसारखीच: सराफ्यातलं खाणं रात्री दुकानं मिटल्यावर सुरू होतं. पोहे-जिलेबी मात्र सकाळी, त्यामुळे पोटाला कमी पडणार नाही. नागपूरही या हिशोबात बसतं, सोनेगावचा विमानतळ आणि दीक्षाभूमी यांत फार अंतर नाही.

उदयपूरचा मोह पडतो, पण डबोक विमानतळ वीस-बावीस किलोमीटर लांब आणि तिथे संध्याकाळच खरी. त्या गावाला मुक्कामच करावा.

वाळकेश्वरची_सून:

माझे सासरे पंच्याहत्तरचे, थोडं चालू शकतात. त्यांना आश्रम दाखवायचाय. एका दिवसात जमेल का? आणि कॅलिकोचं कापडांचं संग्रहालय याच दिवसात बसेल का? मी विणकाम शिकवते, त्यामुळे माझा जीव तिथे अडकलाय.

पहाटपक्षी:

नक्की जमेल. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, आयत्या वेळी पहाटे थांबावं लागतं. विमानतळावरून थेट आश्रमात जा, मध्ये जुनं शहर आणू नका. आश्रमाची जमीन सपाट आहे, सावली आहे, बसायला ओटे आहेत. पोळ त्यांच्यासाठी नाही, तिथे पायऱ्या आणि स्कूटरी दोन्ही फार.

मणिनगरची_माई:

कॅलिको शाहीबागेत आहे, विमानतळाच्या वाटेवरच, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही. बुधवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बंद असतं. थोड्याच लोकांना सोडतात, नाव आधी नोंदवावं लागतं, ऐन वेळी दारात जाऊन उपयोग नाही. आत फोटो काढू देत नाहीत आणि फेरी मार्गदर्शकाबरोबरच करायची, मध्ये बसायला फारसं मिळत नाही. म्हणून सासऱ्यांना आश्रमात घरच्या कुणासोबत बसवा आणि तुम्ही सकाळची फेरी एकट्याने करा. आधी नोंदणी पक्की करा, मगच विमानाचं तिकीट काढा.